'बाई' ते 'दिठी' : सुमित्रा भावे यांचा सिनेमा कुणापर्यंत पोचला?



विषय जाहीर झाल्यावर एक-दोघांनी विचारलं की, सर, तत्त्वज्ञान सोडून हे सिनेमाचं काय काढलंत? सोडलेलं काही नाही. ज्या चित्रपटांवर आज बोलायचे आहे, त्यांतला एक तर 'माणूस म्हणजे त्याच्या आठवणी का?' हा प्रश्न घेऊन उभा आहे, आणि त्या प्रश्नावर आम्ही वर्गात वर्षानुवर्षे खडू झिजवला आहे. तेव्हा आम्ही आमच्याच शेतात आहोत, फक्त बांध जरा ओलांडला आहे.

सुरुवात एका साध्या गोष्टीने करू. 2016 साली 'सैराट' आला. इथे बसलेल्यांपैकी तो न पाहिलेला माणूस शोधावा लागेल. त्याच 2016 सालचा देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून सुवर्णकमळ मिळाले ते 'कासव' या मराठी चित्रपटाला. मराठीला हा मान त्याआधी चारदाच मिळाला होता : 'श्यामची आई', 'श्वास', 'देऊळ' आणि 'कोर्ट'. 'कासव' पाचवा. आता तो पाहिलेले हात वर करा म्हटलं तर किती हात वर येतील? आम्ही विचारत नाही, कुणाला अवघडल्यासारखं व्हायला नको. पण ज्या बाईंनी सुनील सुकथनकर यांच्यासोबत तो केला, त्या सुमित्रा भावे तेव्हा तीस वर्षांहून जास्त काळ चित्रपट करत होत्या. एकामागून एक, कमी पैशांत, ओळखीच्या माणसांना घेऊन. 19 एप्रिल 2021 ला पुण्यात त्या गेल्या. पेपरात अग्रलेख आले, श्रद्धांजल्या झाल्या. त्यांच्या कामाचा हिशेब मात्र फारसा कुणी मांडला नाही. श्रद्धांजलीत हिशेब मांडायचा नसतो हे खरे, पण आता काही वर्षे उलटली आहेत.

आधी माणूस कोण ते सांगतो. जन्म 1943 चा, पुण्याचा. शिक्षण समाजशास्त्राचे, शिवाय मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतलेही. पुढे पुण्याच्या कर्वे समाजसेवा संस्थेत अध्यापन. म्हणजे फिल्म इन्स्टिट्यूटच्या दाराने त्या आलेल्या नाहीत, त्या दाराने आले ते सुकथनकर. बाई आल्या त्या वस्तीतून, हातात प्रश्नावली घेऊन. पुण्यातल्या झोपडपट्टीत राहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास त्या करत होत्या. असा अभ्यास करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी एक काटा टोचतो. ज्या बाईच्या ओट्यावर बसून आपण तिचे आयुष्य उतरवून घेतले, तिला तो अहवाल कधीच वाचता येणार नाही. अहवाल विद्यापीठाच्या कपाटात जाणार, बाई नळाच्या रांगेत जाणार. आमच्या व्यवसायातल्या बहुतेकांना हा काटा टोचतो आणि पगाराच्या तारखेला निघून जातो. भाव्यांचा निघाला नाही. म्हणून 1985 साली 'बाई' हा लघुपट झाला. ज्यांच्याकडून घेतले त्यांना ते परत करायचे, त्यांना बघता येईल अशा रूपात. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन वर्षांनी 'पाणी' आला, आणि मग ही वाट थांबली नाही.

'परत करणे' हा शब्द लक्षात ठेवा. आमच्या दृष्टीने या सगळ्या कारकिर्दीची किल्ली तोच आहे, आणि तिचे कोडेही तोच.

एक खुलासा इथेच करून टाकतो, कारण तो टाळला तर अन्याय होईल. 'दिग्दर्शक' हा शब्द आपण एकवचनी वापरतो. या चित्रपटांवर बहुतेक वेळा दोन नावे आहेत : भावे आणि सुकथनकर. कथा, पटकथा, संवाद बाईंचे. नेपथ्य आणि वेशभूषाही पुष्कळदा त्यांचीच. सुकथनकरांनी गीते लिहिली, दिग्दर्शनाचा भार उचलला. कोणत्या दृश्यात कुणाचा हात किती, हे बाहेरून ठरवणे हा रिकामा उद्योग आहे. आम्ही सोयीसाठी 'भावे' म्हणू, तुम्ही मनात दोन्ही नावं घ्या.

आता पैशाकडे येऊ. कमी खर्चाचा सिनेमा म्हटला की आपल्याकडे एक भाबडी आरती सुरू होते. फाळक्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, आणि 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' उभा राहिला. परवापरवा भाऊराव कऱ्हाडे यांनी 'ख्वाडा'साठी जमीन विकली. या कथा खऱ्या आहेत आणि आदराच्या आहेत. पण जमीन विकली म्हणून चित्रपट चांगला ठरत नाही. 'ख्वाडा' चांगला आहे कारण त्यातल्या मेंढरांची धूळ खरी आहे आणि आवाज जागेवरचे आहेत. गरिबी हा कलेतला गुण नव्हे. ती परिस्थिती आहे. त्या परिस्थितीने चित्रपटाला कोणता आकार दिला, एवढेच समीक्षकाने बघावे.

भाव्यांच्या सिनेमाला तिने काय आकार दिला? एक तर घर. मोजकी ठिकाणे, एखादा वाडा, एखादा बंगला, व्हरांडा, माजघर, आणि त्यात बोलणारी माणसे. दुसरे म्हणजे नटांचा फड. हो, आम्ही मुद्दाम फड म्हणतो. उत्तरा बावकर, मोहन आगाशे, ज्योती सुभाष, रेणुका आणि देविका दफ्तरदार, अतुल कुलकर्णी, अमृता सुभाष, किशोर कदम. एका चित्रपटातली आई पुढच्यात आजी होते, जशी तमाशात कालची राणी आज मावशी होते. एकमेकांच्या सवयी ठाऊक असलेल्या नटांना कमी दिवस पुरतात. आणि तिसरा परिणाम सर्वांत मोठा, तो म्हणजे विषय. सुरुवातीला 'दोघी'सारख्या चित्रपटामागे एनएफडीसी आणि दूरदर्शन होते. सरकारी आधार हळूहळू आटला तेव्हा दुसरा झरा शोधावा लागला. तो सापडला समाजात काम करणाऱ्या संस्थांकडे आणि डॉक्टर मंडळींकडे. 'देवराई'मागे स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांसाठी पुण्यात संस्था उभी करणारे डॉ. जगन्नाथ वाणी होते. 'नितळ'मागे कोड असलेल्यांसाठी काम करणारी श्वेता असोसिएशन. 'जिंदगी जिंदाबाद' एचआयव्हीवर, 'एक कप च्या' माहितीच्या अधिकारावर, 'हा भारत माझा' अण्णा हजाऱ्यांच्या आंदोलनाच्या दिवसांवर, 'अस्तु' स्मृतिभ्रंशावर, 'कासव' नैराश्यावर.

ही यादी वाचली की टीकाकाराला तयार वाक्य मिळते : हे चित्रपट नव्हेत, हे आजारांचे माहितीपत्रक आहे. पुण्या-मुंबईच्या रसिकांत आम्ही हे वाक्य पुष्कळ ऐकले. उलट बाजूला भक्तमंडळी आहेत. त्यांच्या मते विषय इतका उदात्त असताना कलेचे तुणतुणे कशाला? फडके-खांडेकरांचा जुना वाद, कलेसाठी कला की जीवनासाठी कला, तोच नवा कोट घालून आला आहे. त्या वादात दोन्ही बाजू एका गोष्टीवर गुपचूप सहमत असतात. ती म्हणजे हेतू असला की कला तेवढी कमी होते. एकाला त्याचं वाईट वाटतं, दुसऱ्याला वाटत नाही, एवढाच फरक.

कांटने 'हेतूविना हेतुपूर्णता' अशी एक अवघड कल्पना मांडली. आमच्या पिढीला मराठीत ती नीट कळली ती रा. भा. पाटणकरांच्या 'सौंदर्यमीमांसे'मुळे, 1974 साली आलेल्या. वस्तू पाहताना असे वाटते की प्रत्येक भाग दुसऱ्यासाठी आहे, सगळे मिळून कशासाठी तरी आहे, पण त्या 'कशासाठी'वर बोट ठेवता येत नाही. पण मातीचा माठ घ्या. त्याचा हेतू पक्का आहे, पाणी गार ठेवायचे. तरी एखाद्या कुंभाराच्या माठावरून नजर हलत नाही. पाणी गार ठेवण्यात आणि नजर खिळण्यात वैर नाही. वैर कधी येते? कुंभार माठावरच लिहून ठेवतो ना, 'यात पाणी गार राहते', तेव्हा. भाव्यांच्या कोणत्या चित्रपटात माठ आहे आणि कुठे माठावर अक्षरं आहेत, ते बघू.

'देवराई' (2004) घ्या. शेष नावाचा कोकणातला मुलगा, अतुल कुलकर्णींनी केलेला. गावाजवळ देवराई आहे, देवाच्या नावाने राखलेले रान. शेषच्या मनात ते रान वाढत जाते, इतके की रान कुठे संपते आणि मन कुठे सुरू होते ते कळेनासे होते. बहीण सीना, म्हणजे सोनाली कुलकर्णी, त्याला पुण्याला आणते आणि उपचार सुरू होतात. चित्रपट सरळ दोन तुकड्यांचा आहे. रानातला भाग बोलत नाही, दाखवतो. पुण्यातला भाग डॉक्टरच्या खोलीत बसून समजावून सांगतो. आणि गंमत बघा, या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तो पर्यावरण रक्षणावरचा सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून! केला स्किझोफ्रेनियासाठी, गौरवला झाडांसाठी. लोक यावर हसतात. आम्हाला मात्र वाटते की परीक्षकांच्या नकळत एक खरी समीक्षा त्यात झाली. जो भाग ठरवून केलेला नव्हता, तोच जिवंत निघाला.

'नितळ', 'एक कप च्या', 'हा भारत माझा' या तिघांवर फार वेळ घालवत नाही. 'नितळ'मध्ये देविका दफ्तरदारांचा चेहरा आहे, 'एक कप च्या'मध्ये किशोर कदमांचा एस.टी. कंडक्टर आहे. वाढून आलेल्या वीजबिलापुढे तो ज्या पद्धतीने चिवट होत जातो, ते आपल्याकडच्या कुणालाही ओळखू येईल. पण या चित्रपटांत माणसे एकमेकांशी बोलत नाहीत, आपल्याशी बोलतात. माठावर अक्षरे आहेत. आम्ही ते स्पष्ट म्हणतो, कारण सगळेच चित्रपट चांगले म्हटले की चांगल्या चित्रपटाची किंमत जाते.

'दहावी फ' वेगळा. हुशार मुलांची 'अ' तुकडी आणि उरलेल्यांची 'फ', ही व्यवस्था आम्ही शिक्षकांनीच केली ना? अतुल कुलकर्णींचे सर मोडतोड केलेल्या पोरांना घेऊन त्या मोडतोडीची भरपाई कष्टाने करायला लावतात. कथा भाबडी आहे, पण पोरे भाबडी नाहीत. बी.एड.च्या विद्यार्थ्यांना दाखवावा असा हा चित्रपट आहे.

मग येतो 'वास्तुपुरुष'. 2002 चा सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार याला होता. स्वातंत्र्यानंतरची वर्षे, जमीनदार देशपांड्यांचा वाडा उतरणीला लागलेला, बाहेर कुळकायद्याचे वारे. मुलगा भास्कर डॉक्टर व्हावा ही आईची जिद्द, आणि त्यामागे घराण्याने गावाचे जे देणे लागते ते फेडायची तिची आस. उत्तरा बावकरांचे काम पाहण्यासारखे. नाटककार महेश एलकुंचवार यात नट म्हणून दिसतात, आणि 'वाडा चिरेबंदी' लिहिणारा माणूस पडझडीच्या वाड्यात फिरताना पाहणे हा वेगळाच अनुभव आहे.

पण मराठवाड्यात बसून हा चित्रपट पाहिला की एक अडचण येते. इथल्या जमिनीचा इतिहास पुण्याच्या बाजूचा नाही. आपण 17 सप्टेंबर 1948 ला निजामाच्या राज्यातून बाहेर पडलो. हैदराबादचा कुळकायदा 1950 चा, महाराष्ट्राचा कमाल जमीनधारणा कायदा 1961 चा. या कायद्यांच्या मधल्या फटींतून कुणाच्या जमिनी कुणाच्या नावावर गेल्या, कुळाला काय मिळाले आणि गावकुसाबाहेरच्याला काय मिळाले नाही, हे इथल्या घराघरात माहीत आहे. 'वास्तुपुरुष' या सगळ्याकडे वाड्याच्या आतून बघतो. तो कुळाचा द्वेष करत नाही, उलट वाड्याला स्वतःच्या पापाची आठवण करून देतो. ते मोठेपण आहे. तरी कॅमेरा उंबऱ्याच्या आतच उभा आहे. फेडणारा कोण आणि फेडून घेणारा कोण, यात कथा फेडणाऱ्याची होते. 'बाई'च्या वेळी वस्तीत जाऊन बसलेला डोळा सतरा वर्षांत वाड्याच्या माजघरात आला होता. पुढे तो पुण्यातल्या बंगल्यात आणि फ्लॅटमध्ये गेला. हा आक्षेप आम्ही फार हलक्याने घेत नाही. 'परत करायचे' म्हणून निघालेला माणूस हळूहळू आपल्याच वर्गाला अहवाल वाचून दाखवू लागला का?

या प्रश्नाचे उत्तर द्यायला 'अस्तु'पाशी थांबावे लागेल. जरा सावकाश थांबू, कारण आमच्या मते हा त्यांचा सर्वांत मोठा चित्रपट आहे. सुवर्णकमळ 'कासव'ला मिळाले, तरीही.

डॉ. चक्रपाणी शास्त्री, संस्कृतचे गाढे विद्वान, निवृत्त. मोहन आगाशे यांनी केलेले. आमच्या वयाच्या निवृत्त प्राध्यापकाने हा चित्रपट एकट्याने पाहू नये, एवढेच सांगतो. शास्त्र्यांची स्मृती गळते आहे. थोरली मुलगी इरा, म्हणजे इरावती हर्षे, त्यांना मोटारीत बसवून क्षणभर कामाला जाते. रस्त्यावरून हत्ती चाललेला असतो. शास्त्री उतरतात आणि हत्तीमागे चालू लागतात. इकडे घरात शोधाशोध, दोषारोप, जुन्या आठवणी. तिकडे म्हातारा माहुताच्या पालात. माहुताची बायको चन्नम्मा, अमृता सुभाष यांनी केलेली, कानडी बोलणारी. दोघांची भाषा जुळत नाही. तो तिला आई समजतो. ती त्याला लेकरासारखा खाऊ घालते, धुऊन पुसून घेते. या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना साहाय्यक अभिनेत्रीचा आणि संवादांसाठी सुमित्रा भावे यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

आता जॉन लॉक. सतराव्या शतकाच्या शेवटी त्याने म्हटले की आज मी तोच आहे जो काल होतो, हे देहावरून ठरत नाही, जाणिवेच्या आठवणीवरून ठरते. जिथवर आठवण पोचते तिथवर 'मी'. मग शास्त्र्यांची आठवण गेली, तर हत्तीमागे चालला आहे तो कोण? इराच्या घरातली सगळी माणसे लॉकची शिष्य आहेत, त्यांना ठाऊक नसले तरी. त्यांच्या लेखी बाबा कधीच गेले, उरला तो बाबांचा देह आणि त्याची व्यवस्था. म्हणून त्यांच्या बोलण्यात दुःख आहे, अपराधभाव आहे, आणि थोडा चिडका कंटाळाही आहे. तो कंटाळा दाखवायला धैर्य लागते. ज्यांनी घरात असे माणूस सांभाळले आहे त्यांना तो कळेल.

चन्नम्माला पूर्वीचे शास्त्री माहीतच नाहीत. विद्वत्ता माहीत नाही, भांडणे माहीत नाहीत, त्यांनी कुणाला दुखावले तेही नाही. तिच्यासमोर आहे तो आत्ताचा माणूस, आणि तो भुकेला आहे. आठवण नसलेल्या माणसाची गाठ त्याच्याबद्दल कोणतीच आठवण नसलेल्या बाईशी पडते. दोन कोऱ्या पाट्या. आणि तिथे चित्रपट असे सुचवतो की 'मी' उरतो तो माझ्या डोक्यात नव्हे, माझ्याकडे बघणाऱ्याच्या नजरेत. आम्ही वेदान्तातला साक्षी चैतन्याचा विचार शिकवला, गीतेतला स्मृतिभ्रंशाचा क्रम शिकवला, पण अशा बाजूने हा प्रश्न कुणी पुढे ठेवल्याचे आम्हाला आठवत नाही. इथे स्मृतिभ्रंश हा 'विषय' राहिलेला नाही. ज्या संस्थेला रुग्णांच्या नातेवाइकांना काही समजावायचे असेल तिने हा खुशाल दाखवावा, पाणी गार राहते. पण माठावर अक्षर नाही.

दोष आहे. घरातल्या प्रसंगांत स्पष्टीकरणे फार. आणि दुसरा दोष अधिक खोल आहे. शिकलेले कुटुंब विचार करून थकते आणि गरीब बाई उपजत मायेने जिंकते, ही वाटणी आम्हाला खटकते. हातावर पोट असलेल्या घरात परका म्हातारा दोन दिवस ठेवणे म्हणजे कुणाची तरी भाकर कमी होणे. चित्रपट त्याला स्पर्श करतो, पण हत्तीच्या आणि आईपणाच्या प्रकाशात ते पुसट होते. गरिबाला माया असते हे खरं, पण तिचा हिशेबही त्यालाच भरावा लागतो. पण तेवढ्यावरून चन्नम्मा खोटी ठरत नाही. ती दया करत नाही, घरात एक माणूस वाढला म्हणून तिचे काम वाढले आहे एवढेच तिच्या हालचालींत दिसते. हात चालू, तोंड चालू. 'बाई'च्या वेळचा तो वस्तीतला डोळा मेला नव्हता, हे आम्हाला इथे दिसते. म्हणून मघाच्या प्रश्नाला 'हो' म्हणायला आम्ही तयार नाही.

'अस्तु' 2013 मध्ये तयार होता, महोत्सवांतून गाजत होता, पुरस्कार मिळालेले होते. चित्रपटगृहात तो लागला 2016 च्या जुलैमध्ये, आणि तोही लोकवर्गणी गोळा करून. क्राउडफंडिंग म्हणतात त्याला. आपल्याकडे सप्ताहासाठी पट्टी गोळा करतात तशी. चित्रपट तयार व्हायला पैसे मिळाले, दाखवायला मिळेनात. कमी खर्चाच्या सिनेमाबद्दल बोलताना आपण नेहमी निर्मितीच्या खर्चावर बोलतो, पण खरा गळफास पुढे असतो. जाहिरात, पडद्याचे भाडे, आणि सकाळी साडेदहाचा एकमेव खेळ, ज्याला नोकरदार येत नाही आणि शेतकरीही येत नाही. जो खेळ मिळतो तो पहिल्या आठवड्यातच जातो. पुरस्कार दिल्लीत मिळतो, खेळ गल्लीत मिळत नाही. यावर आगाशे यांनी एक वाट काढली. ते स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. 'अस्तु' आणि 'कासव' घेऊन गावोगाव जायचे, दाखवायचे, आणि मग लोकांशी बोलायचे. चांगली वाट आहे. पण तिच्यात पुन्हा तो माहितीपत्रकाचा धोका आहे, चित्रपट संपताच त्याचा आजार होतो.

'कासव'बद्दल थोडक्यात. आत्महत्येच्या काठावरून परतलेली जानकी, तशाच काठावर उभा असलेला एक तरुण, समुद्रकिनारा आणि कासवांची अंडी राखणारे दत्ताभाऊ. जानकी त्या मुलाला आसरा देते आणि प्रश्न विचारत नाही. हे 'न विचारणे' म्हणजे या चित्रपटाचा सगळा जीव. प्रश्नावली घेऊन वस्तीत गेलेली बाई सत्तरीत अशी कथा लिहिते जिच्यात मदत करण्याची पहिली अट प्रश्न न विचारणे ही आहे, हे आम्हाला फार मोठे वाटते. कासवाचे रूपक मात्र इतके वेळा हातात दिले जाते की शेवटी ते खाली ठेवावेसे वाटते.

शेवटचा 'दिठी'. आधार दि. बा. मोकाशी यांच्या कथेचा, जिचे नाव अमृतानुभवातल्या एका ओवीवरून आले आहे. रामजी लोहार, तीस वर्षांचा वारकरी. तरणा मुलगा पुरात गेला. विठ्ठलाने आपल्याला हे का दिले, या प्रश्नाने माणूस दगड झालेला. घरात सून बाळंत, मुलगी झालेली, तिच्याकडे तो बघायलाही तयार नाही. बाहेर पाऊस. आणि गावात एका घरी गाय अडली आहे. अडलेली गाय सोडवण्यात रामजीचा हात धरणारा कुणी नाही. किशोर कदम यांनी रामजी केला आहे. ज्या माणसाला स्वतःच्या दुःखापलीकडे काही दिसत नाही, त्याचे हात मात्र गाईच्या पोटाशी जाताच आपोआप ओळख देतात. पोथीने जे झाले नाही ते हातांनी होते. ज्ञानेश्वरांचे अद्वैत समजावायला आम्हाला दोन सत्रे लागायची, तरी पोरांच्या चेहऱ्यावर काही उमटायचे नाही. इथे एक लोहार, एक गाय आणि एक कंदील पुरतो. आमच्या चवीला शेवटचा उजेड जरा लवकर पडतो. दुःख आणखी थोडा वेळ राहिले असते तर बरे झाले असते. पण हा माठ आहे, आणि माठावर अक्षर नाही.

बाई गेल्यावर महिनाभराने, मे 2021 मध्ये, तो सोनी लिव्ह या ओटीटीवर आला. टाळेबंदीच्या दिवसांत दुसरा मार्गही नव्हता. म्हणजे वारकऱ्याची आणि गाईची ही गोष्ट पैसे भरून मोबाईलवर उघडायची, तीही ज्याला ते ॲप ठाऊक आहे त्याने. आपल्या तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवे, बैल, आणि त्यांच्याभोवती उभी राहून दात, खूर, वशिंड पारखणारी माणसे. जनावराच्या अंगावर ठेवलेला हात सवयीचा आहे की उसना, हे त्यांना लांबून कळते. 'दिठी'चे सर्वांत जाणकार प्रेक्षक त्या गर्दीत आहेत आणि त्यांच्यापर्यंत तो गेलेला नाही. 1985 साली ज्या कारणासाठी हा सगळा खटाटोप सुरू झाला, त्यातले शेवटचे काही कोस अजून चालायचे राहिले आहेत. ते भाव्यांनी चालायचे नव्हते. पडदा, प्रोजेक्टर, रीतसर परवानगी आणि एक सतरंजी, एवढ्यावर ते होण्यासारखे आहे. महाविद्यालयाच्या सभागृहात नको. तिथे आम्हीच येतो.

तसे झाले तर समोरच्यांपैकी ज्यांनी अडलेली गाय सोडवली आहे, त्यांनी पुढच्या रांगेत बसावे आणि पडद्यावरचे हात बरोबर चालतात की नाही ते सांगावे. त्या एका मुद्द्यावर आमच्या डॉक्टरेटचा काही उपयोग नाही. आता प्रश्न घेऊ. मागच्या बाजूला कुणीतरी मघापासून हात वर करून बसलंय, आधी त्यांना माइक द्या.